वाट ठेवली

मला 'एंगेजमेंट' ह्या शब्दाची किळस येते. पूर्वी येत नसे. पूर्वी मला तो साखरपुड्याचा शब्द वाटायचा, पेढ्यांचा आणि अंगठीचा. मग मी ज्या कंपनीत नोकरीला लागले तिथे तो दिवसातून चाळीस वेळा कानावर पडायला लागला. त्याचा तिथला अर्थ असा, की समोरच्या माणसाने फोन खाली ठेवता कामा नये. त्याला भूक लागलेली असो, चुलीवर दूध उतू जात असो, अंगठा काचेवरून उठता कामा नये. ह्याला साखरपुडा म्हणायचं की जळू लावणं, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी ह्याच कामाच्या पगारावर जगते, हेही इथेच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी नाक मुरडायला लागले की वाचणाऱ्याला कळेल, वास माझ्याच हाताला येतोय.

आमची कंपनी मोबाइलवरचे बैठे खेळ बनवते. घरात समोर बसायला कुणी नसलं की माणूस 'कंप्युटरशी खेळा' हे बटण दाबतो. मग समोर जो येऊन बसतो त्याला वाढवायचं काम माझं. त्याआधी मी मुरबाडला कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवायचे. तिथल्या पोरांपेक्षा यंत्राला शिकवणं सोपं, एवढं मात्र खरं. ते जांभया देत नाही आणि खिडकीबाहेर बघत नाही. आसनगावला माझं घर आहे, बरंचसं काम मी तिथूनच करते, आणि आठवड्यातून दोनदा ठाण्याच्या ऑफिसात जाऊन एंगेजमेंट ऐकून येते.

साहेबांना 'मातीतला' खेळ हवा होता. साहेब माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि त्यांच्या बुटाला माती लागलेली मी कधी पाहिली नाही. मीटिंगमध्ये सगळे सारीपाट नाहीतर सापशिडी, एवढंच करत बसले होते. माझी जीभ वळवळली. मी म्हटलं, आमच्याकडे वाघबकरी खेळतात, देवळाच्या ओट्यावर पाट कोरलेला असतो. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघाने बकरीवरून उडी मारली की ती खाल्ली. बकऱ्यांनी मिळून तिन्ही वाघांची हलायची घरं बुजवली की वाघ हरले. साहेबांनी टेबलावर हात मारला. "हेच! ह्यात स्टोरी आहे!" मी त्या दिवशी तोंडात मिठाची गुळणी धरली असती तर हे लिहायची वेळ आली नसती.

आधी यंत्राला नियम सांगितले आणि स्वतःशीच खेळायला बसवलं. सुरुवातीला ते कुठलीही सोंगटी कुठेही टाकतं. जिंकलं की त्याला एक गुण द्यायचा, हरलं की एक कापायचा, आणि ज्या खेळींनी गुण मिळाला त्यांचं वजन आतल्या आत कणभर वाढवायचं. एवढंच. फक्त लाखो वेळा. दोन दिवसांत ते ऑफिसातल्या सगळ्यांना हरवायला लागलं. मला आपलं कौतुक वाटलं, साहेबांचं तोंड मात्र उतरलं. "एवढा चांगला खेळला तर लोक पळून जातील," ते म्हणाले. "आपल्याला जिंकणारा नकोय. माणसासारखा हवाय. चुकणारा, चिडवणारा." आणि माणसासारखं खेळायला शिकवायचं तर आधी माणसांचे खरे डाव दाखवावे लागतात. ते कुठून आणायचे? माझी जीभ पुन्हा वळवळली. मी म्हटलं, माझी आते खेळते.

माझी आते शेणव्याच्या पुढे आमच्या गावात राहते. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, ती माहेरी परत आली आणि भावांच्या शेतात राबत राहिली. आता स्वतःच्या दोन खोल्यांत एकटी असते. भाताच्या लावणीला अजून कुणाला ऐकत नाही, आणि बोलायला लागली तर समोरच्याची सालं काढते. पण गावातले लोक तिला काम सांगायला येतात, नाहीतर लोणचं मागायला. तिच्याशी बरोबरीने वागणारं माणूस एकच, वरच्या पाड्यातले बाबा. ते मंगळवारच्या बाजाराला बांबूच्या टोपल्या घेऊन खाली येतात. तीसेक वर्षांपूर्वी ते देवळाच्या ओट्यावर एकटेच पाट मांडून बसले होते. आते डोक्यावर हंडा घेऊन चालली होती, ती थांबली आणि म्हणाली, "ती बकरी मरते तुमची." बाबा म्हणाले, "मंग ये, तू खेळ." तेव्हापासून दर मंगळवारी डाव. लोकांनी दोन वर्षं तोंडं वाकडी केली, मग त्यांनाच कंटाळा आला. बाबांनी तिच्या घरात कधी पाय ठेवला नाही, तिने त्यांचा पाडा कधी पाहिला नाही. वाघ बाबांचे, नदीतले तीन काळे खडे, ते कनवटीला बांधून आणतात. बकऱ्या आतेच्या, चिंचोके. आतेच्या आठवड्यात मंगळवार हा एकच वार होता, बाकीचे सहा नुसते मध्ये यायचे.

आमच्याकडच्या वाघबकरीला एक रीत आहे. शेवटच्या वाघाचं शेवटचं घर बुजवायची वेळ आली की ते बुजवायचं नाही. त्या घरात जाणारी बकरी उचलून मुठीत धरायची आणि म्हणायचं, "वाट ठेवली." झालं, डाव जिंकला. मग वाघवाला आपला वाघ उचलतो, कपाळाला लावतो आणि पाट मोडतो. कारण वाघ हा देव आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारसेला बाबांच्या पाड्यात त्याला नारळ फोडतात, आमची गुरं सांभाळ म्हणतात. देवाला हरवता येतं, कोंडता येत नाही. कोंडला तर तो दुसरी वाट काढतो, आणि ती वाट गोठ्यातून जाते, असं बाबा सांगतात. मला ही रीत कुणी शिकवली नव्हती. उंबऱ्यावर पाय देऊ नये हे जसं कळतं तशी ती कळली होती.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत मी मंगळवारची सुट्टी काढून गावी जात राहिले. फोन काठीला बांधायचा आणि पाटावर रोखायचा. पहिल्या दिवशी बाबांनी फोनकडे बघून विचारलं, "हा काय करतो?"

"बघतो नुसता, बाबा."

"बघूं दे. मधी बोलू नको म्हनावं."

घरी येऊन एकेक खेळी मी हाताने भरत असे. डावाच्या शेवटी निकालाचा रकाना होता: वाघ जिंकला, बकऱ्या जिंकल्या किंवा डाव सोडला. कंपनीच्या नियमाप्रमाणे बकऱ्या जिंकायला शेवटचं घर बुजायलाच हवं, आणि आतेने एकदाही ते बुजवलं नव्हतं. त्यामुळे तिचे जिंकलेले सगळेच्या सगळे डाव आपोआप 'डाव सोडला' मध्ये जाऊन पडले. बाबांच्या तोडीस तोड खेळणारी बाई आमच्या नोंदीत पळपुटी ठरली. मी शेऱ्याच्या रकान्यात प्रत्येक डावापुढे 'वाट ठेवली' असं लिहिलं आणि स्वतःला फार प्रामाणिक समजले. शेरे कुणी वाचत नाही. एकानेच वाचला, आमच्यातल्या एका हिंदी बोलणाऱ्या सहकाऱ्याने. "मॅडम, ये वाट ठेवली मतलब वाट लग गई क्या?" सगळे हसले. मीही हसले, अगदी मनापासून.

ह्या वेळी मी नवं, कोरं यंत्र घेतलं होतं; त्याने शेरे वाचले नव्हते, डाव मात्र सगळे पाहिले होते. पाट दाखवायचा, आता पुढची खेळी कोणती असेल ते विचारायचं, चुकलं की आतले आकडे थोडे हलवायचे, पुन्हा विचारायचं, असं ते शिकलं. मग मी त्याला बकऱ्या देऊन खेळायला बसवलं, आसनगावला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. त्याने दोन वाघ धरले. तिसरा कोपऱ्यात रेटला. एक घर उरलं. बुजवायला बकरी तयार होती, आणि त्याने लांबची दुसरीच बकरी उगाच इकडची तिकडे केली. त्याला दाखवलेल्या एकाही डावात ते घर बुजलेलं नव्हतं, तेव्हा ते बुजवता येतं हे त्याच्या गावीच नव्हतं. तो आतेचा हात होता. टेबलावर कढीपत्ता निवडत बसलेली मी, मोठ्याने म्हणाले, "वाट ठेवली."

ऑफिसात त्याला दुसरं नाव मिळालं. चुकांच्या यादीत लाल रंगात: 'बकरी शेवटच्या खेळीला माती खाते.' साहेब म्हणाले, हे आजच्या आज काढा. मी काढलं. घर बुजवलं की जास्तीचे गुण, असं लिहिलं आणि पुन्हा शिकवायला बसवलं. दुपारपर्यंत आतेचा हात त्यातून निघून गेला होता. मला एक वाक्य बोलता आलं असतं, की साहेब, ही चूक नाही, आमच्याकडे जिंकणं ह्यालाच म्हणतात, आपला नियम बदलू या. पण मग त्या काचेच्या खोलीत मला वाघोबा म्हणावं लागलं असतं, नारळ म्हणावं लागलं असतं, आणि मला तिथे गावंढळ दिसायचं नव्हतं. बस, एवढंच कारण. साहेबांचीही मला एवढी शिसारी येत नाही, जेवढी ह्या कारणाची येते.

त्यानंतरचं काम तर ओकारी यावी असंच. आता जिंकण्याचा गुण बंद. डाव संपल्यावर समोरच्याने 'पुन्हा खेळा' दाबलं की यंत्राला गुण, त्याने फोन ठेवला की कपात. काही आठवड्यांत यंत्र असे डाव टाकायला लागलं की मीच बघत राहिले. दोन डाव सोडायचे, तिसरा डाव माणूस जिंकता जिंकता त्याच्या तोंडचा काढून घ्यायचा. तो चिडला की मुद्दाम वाघाची मूर्ख उडी मारायची, म्हणजे तो खूश. जिंकायला एक पाऊल उरलेलं असताना हरलेला माणूस फोन खाली ठेवत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण गटाराला उतार करून दिला की पाण्याने कुठे जायचं ते सांगावं लागत नाही. उतार मी केला होता. साहेब म्हणाले, "ब्युटिफुल."

आणि एवढं सगळं माहीत असून गणपतीला गावी गेले तेव्हा मी तो खेळ आतेच्या फोनमध्ये टाकला. पावसाळ्यात पाड्याच्या वाटेवरचा ओढा चढतो आणि बाबा खाली येत नाहीत. ते मंगळवार रिकामे. मला वाटलं, मी ते भरते आहे. खरं सांगायचं तर मला मिरवायचंही होतं. "आते, ह्यात तुझाच हात हाय बघ," मी म्हटलं. तिने पदराने काच पुसली आणि म्हणाली, "माजा हात कवा आत गेला गो?"

आठ दिवसांत तिचा फोन आला.

"गो बाय, तुजा वाघ घानेरडा हाय."

"काय झालं?"

"मी धरते, ती बकरी सोडून दुसरी सारते, वाट ठेवली बोलते. तर हा त्याच वाटेनं भायेर येतो नि माज्या बकऱ्या खातो. तीन खाल्ल्या. परत धरला, परत तेच. वाघ म्हटला तरी खातो नि वाघोबा म्हटला तरी खातो, तसला हाय मेला."

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. देवाला सोडलेल्या वाटेने माझं यंत्र बकऱ्या खायला येत होतं, आणि मी हसत होते. मी म्हटलं, "अगो आते, मशीन आहे ते. शेवटचं घर बंद करून टाक ना."

स्पीकर चालू होता, तिच्या मागे कोंबड्या ओरडताना ऐकू येत होत्या.

"करू?" तिने विचारलं.

"कर की. त्याला काय कळतंय?"

टिक्, असा आवाज आला. मग फटाक्यांचा. तो आवाज मीच तीन आवाजांतून निवडला होता. पाठोपाठ एक बाई लाडात बोलली, "अभिनंदन! पुन्हा खेळा." तो आवाजही आमचाच.

"गेला एकदाचा," आते म्हणाली. आणि तीही हसली.

मग तिचे फोन कमी झाले. मला वाटलं, रमली. रमलीच होती. दसऱ्यानंतरच्या एका मीटिंगमध्ये साहेबांनी भिंतीवर आलेख दाखवला. खेळ बाहेर आणण्याआधी ज्यांच्या फोनमध्ये तो टाकून पाहिला होता, त्यांच्यात सगळ्यात उंच खांब कुणाचा? "साठीच्या पुढची ग्रामीण महिला," साहेब म्हणाले. "दिवसाला सहा तास! ही आपली हिरो आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या खांबाखालचा नंबर ओळखीचा होता, मीच तो टाकला होता. दिवसाचे सहा तास, म्हणजे भात पोटरीला आलेलं असताना ती बांधावर बसून काच घासत होती. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, असं म्हणतात. इथे तर खाणारे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. नाही वाजवल्या तर का नाही, असं कुणी विचारलं असतं.

दिवाळीची सुट्टी मिळाली आणि मी गावी गेले. वाघबारस झाली, आणि दुसऱ्या दिवशी नेमका मंगळवार. ओढा उतरला होता. बाबा पाड्यातला प्रसादाचा नारळ घेऊन खाली आले. पावसाळ्यानंतरचा पहिला डाव. आतेने सकाळीच ओटा धुऊन ठेवला होता, धुतलेलं लुगडं नेसली होती. बाबांनी कनवटीचे तीन खडे काढून मांडले. मी शेजारी बसले, ह्या वेळी फोन पिशवीतच होता.

आते बदललेली आहे हे मला तिच्या हातावरून कळलं. पूर्वी ती चिंचोका बोटांत फिरवत बसायची, दोन शिव्या घालायची, मग ठेवायची. आता टाकला की टाकला. बाबांचा विचार चाललेला असताना तिचा अंगठा दगडाच्या कडेवर आपोआप वर-खाली व्हायचा. तिने पहिला वाघ धरला, दुसरा धरला. बाबा म्हणाले, "हात चालू झाला गो तुजा." तिसरा वाघ कोपऱ्यात गेला. एक घर उरलं. बाबांनी हात पुढे केला, वाघ उचलून कपाळाला लावायला. तिने आता बोलायचं, एवढंच उरलं होतं.

आतेने चिंचोका त्या घरात ठेवला.

आणि दगडाकडे बघत राहिली, जणू त्यातून आता काहीतरी वाजणार आहे. काही वाजलं नाही. मग तिच्या लक्षात आलं. तिने झटक्यात चिंचोका उचलला आणि मुठीत धरला. "वाट ठेवली," ती म्हणाली. "बाबा, वाट ठेवली. हात चुकून गेला वो."

बाबांचा हात तसाच हवेत होता. त्यांनी तो मागे घेतला. "वाघबारस कालच झाली," ते म्हणाले. रागाने नाही, आज बाजाराला कोण कोण आलंय हे सांगावं तसं. मग नारळाची वाटी तिच्यासमोर ठेवली, टोपल्या उचलल्या.

"तुमचे वाघ तरी घ्या," आते म्हणाली.

"कोंडलेला वाघ मी कसा उचलू?"

ते गेले. तीस वर्षांत ते डाव मोडल्याशिवाय कधी उठले नव्हते. आते मूठ घट्ट धरून बसून राहिली, आणि मी तिथे असून नसल्यासारखी. मला एवढंच आठवतं, की माझ्या पिशवीतल्या फोनवर एक टुणकन आवाज आला. कंपनीचा खेळ आठवण करून देत होता, की बराच वेळ झाला, वाघ तुमची वाट बघतोय.

चौथ्या दिवशी मी पाड्यावर गेले. बाबा झोडणी करत होते. पाणी दिलं, बसायला घोंगडी दिली, पाऊस किती झाला ते सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, चूक माझी आहे. मीच सांगितलं तिला, बंद कर म्हणून."

"तू कुठं होतीस मधी?"

मला माझं काम समजावून सांगता येईना. शेवटी म्हटलं, "मी मशीनला वाघबकरी शिकवते. मशीन माणसांशी खेळतं."

बाबांनी भाताची पेंढी झोडली, बाजूला टाकली, दुसरी घेतली. "मंग मानसं कोनाशी खेळतात?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. तेच पुढे म्हणाले, "तुज्या आतेवर राग नाय. पन त्याच्या सनाच्या दुसऱ्या दिशी कोंडलाय. मी परत तिथं बसलो तं पाड्यात तोंड काय दाखवू? पुढल्या बारशीला देवाला विचारू. हो बोलला तं येईन." बाबांचं वय पंच्याहत्तरच्या पुढे. पुढल्या बारशीला एक वर्ष होतं.

मी हे आतेला सांगितलं. तिने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी बघते तर ओट्यावर वाघ आणि चिंचोके जसेच्या तसे, आणि त्यावर कोंबड्या झाकायचं डालं पालथं घातलेलं, पोरांनी हात लावू नये म्हणून. डाल्याच्या एका बाजूला तिने वीट लावून फट ठेवली होती. ती फट कोणत्या घराच्या समोर आहे, ते मी वाकून बघितलं नाही. माहीत होतं.

फोनमधला खेळ तिने काढून टाकायला सांगितला. मी काढला. आणि अजून एक शहाणपण केलं. यंत्राचे जुने अवतार आमच्याकडे साठवलेले असतात. मी तो शोधून काढला, आतेचा हात ज्यात होता तो, माती खाणारा. त्याला बकऱ्या दिल्या, आतेला वाघ दिले. म्हटलं, "आते, हा बघ, हा वाट ठेवतो. हा तुझ्यासारखाच आहे." तिने डाव खेळला. यंत्राने तिचे वाघ धरले, आणि शेवटच्या घराशी येऊन लांबची एक बकरी हलवली. तिने फोन डोळ्यांजवळ नेला.

"ह्याला बंद करता येतंय का?" तिने विचारलं.

"नाही. ह्याला ते माहीतच नाही."

"मंग हा वाट कुठं ठेवतो? ह्याला येत नाय, एवढंच." तिने फोन माझ्या हातात दिला आणि हात पदराला पुसले, चिकट काही लागल्यासारखे.

नोकरी मी सोडली नाही. खेळ बाहेर आला, चालतोय. साहेबांनी सुरुवातीच्या चित्रात देऊळ टाकलं आहे, ओटाही टाकला आहे, आणि ओट्यावर एक म्हातारी हसत बसलेली. ती नऊवारीत आहे आणि तिच्या हातात फोन आहे. मला ते चित्र दिवसातून कितीदा तरी बघावं लागतं.

परवा मंगळवारी गावी गेले होते. आते ओटीवर बसली होती. मला बघून कोळशाने फरशीवर पाट काढायला लागली. देवळातला पाट अडकलेला, म्हणून. चिंचोके नवीन घेतले. वाघ नव्हते, तेव्हा मी पानाच्या डब्यातल्या तीन सुपाऱ्या मांडल्या. "तू वाघ," ती म्हणाली. मी नीट खेळले, मुद्दाम हरले नाही. ते काम यंत्राचं. तरी तिने मला पाऊण तासात धरलं. पुन्हा पहिल्यासारखी चिंचोका बोटांत फिरवत होती, मला शिव्याही घालत होती, आणि मला बरं वाटायला लागलं होतं. दोन वाघ गेले. तिसरा कोपऱ्यात. एक घर उरलं. तिने चिंचोका उचलला, मुठीत धरला, आणि बोललीच नाही.

"करू?" तिने विचारलं.

फोनवर विचारलं होतं तोच शब्द, तोच सूर. कोंबड्याही तशाच ओरडत होत्या.

"नको, आते. वाट ठेव."

"मंग त्या टायमाला का नाय बोललीस?"

मला उत्तर माहीत होतं. मी तेव्हा हसत होते. पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी हात पुढे केला, रीतीप्रमाणे वाघ उचलून कपाळाला लावायला.

"ऱ्हाऊं दे," आते म्हणाली. "सुपारी हाय ती."